मी वाचवलेला प्रशिक्षक

आपल्या राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाची नोकरी एकदा मी वाचवली होती. निदान दीड वर्ष माझी तशी पक्की समजूत होती. ती हकीकत मी लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून बसलेलो असतानाही लोकांना ऐकवली. डॉक्टर म्हणाले, "जीभ आत घ्या." बायको इतकी वर्षं तेच म्हणते आहे.

माझं कोर्टाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, हरकती. माणूस येतो, भांडणाच्या सुरात तक्रार सांगतो, आणि मी ती 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत नीट बसवून देतो. या धंद्यात एक रीत आहे. खाली नावं आधी टाइप करायची, सह्या मागाहून घ्यायच्या. चार भावांचा अर्ज असेल तर एक रुसलेला असतो, एक पुण्याला असतो. पण कागद तयार दिसला की माणसं येतात आणि सही ठोकतात. पंचवीस वर्षं हेच केल्यावर मला वाटायला लागलं होतं, की नाव टाइप झालं म्हणजे सही झालीच, शाई तेवढी वाळायची बाकी.

नाशिकमध्ये फुटबॉलचं वेड असणं म्हणजे घरात एकट्यानेच कारलं आवडीने खाण्यासारखं आहे. लहानपणी आमच्या मैदानावर क्रिकेटच्या सात-सात मॅचेस एकमेकींत गुंतून चालायच्या. त्यांच्या फिल्डरांमधून बॉल काढत नेणं हेच आमचं ड्रिब्लिंगचं शिक्षण. त्यातून उरलेले आम्ही बाराजण. गावातच द्वारका चौकात आमच्यातल्या एकाचं टायरचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत टीव्ही आहे. भारताची मॅच असली की टायरांच्या चळतींवर बसून बघतो. बाहेर चौकात एवढे हॉर्न चालू असतात की कॉमेंट्री कधी ऐकूच येत नाही, आणि शिट्टी वाजली तर ती रेफरीची की ट्रॅफिक हवालदाराची, हे कळायला दोन सेकंद लागतात.

हा टायरवाला शाळेत आमचा गोलकीपर होता. मी लेफ्ट विंगला. दोघांनाही घडवलं, म्हणजे जेवढं घडण्यासारखं होतं तेवढं, ते आमच्या पीटीच्या सरांनी. सरांची एक पद्धत होती. मॅचच्या आदल्या दिवशी संघ जाहीर व्हायच्या आधी ते सायकलवर निघायचे आणि ज्यांना वगळलं त्या प्रत्येकाच्या घरी जायचे. निवडलेल्यांच्या घरी नाही, वगळलेल्यांच्या. आठवीत माझ्या घरी आले होते. आईसमोर बसून म्हणाले, "याचा डावा पाय अजून झोपलेला आहे. दिवाळीनंतर बघू." मग दोन लाडू खाल्ले आणि गेले. मी रडलो, पण घरात रडलो. नोटीस बोर्डापुढे, दीडशे पोरांच्या घोळक्यात नाही.

तर हे परदेशी प्रशिक्षक आले तेव्हा मी त्यांच्या प्रेमातच पडलो. कारण सांगायचं तर फार काही नाही. पहिल्या पत्रकार परिषदेत ते बाह्या दुमडून आले आणि म्हणाले, "मला मोठी नावं नकोत, पळणारे पाय हवेत." बस. माझा पाय झोपलेला होता हे मी सोयीस्कर विसरलो. त्यानंतर संघ हरत गेला आणि मी समजावत गेलो. पहिली हार म्हणजे पायाभरणी. दुसरी म्हणजे प्रयोग. चौथ्या हारेनंतर टायरवाला म्हणाला, "वकील, हा पाया कितव्या मजल्यापर्यंत खणायचा आहे?" कोर्टाजवळ बसतो म्हणून मला हे सगळे वकील म्हणतात. खऱ्या वकिलांना हे आवडत नाही.

तेवढ्यात बातमी आली की प्रशिक्षकांना काढण्याचा विचार चालू आहे. मी त्याच दुपारी दुकानात बसून फुटबॉल महासंघाला पत्र लिहिलं, प्रत प्रशिक्षकांना: 'महोदय, रोप लावून रोज मुळं उपटून बघितली तर ते जगेल कसं?' मलाच इतकं आवडलं की तीनदा मोठ्याने वाचलं. कंपूतल्या दहा जणांनी होकार दिला. सायखेड्याला धाकटा भाऊ द्राक्षं लावतो, त्याचं आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांचंही नाव घातलं. त्यांतल्या एकाने विचारलं, "कोच म्हंजी आपल्या गटाचे कृषी सहायक का?" मी म्हणालो, "तसंच समजा."

टायरवाला मात्र तयार झाला नाही. प्रशिक्षकांनी नुकतंच नऊ वर्षं खेळलेल्या गोलकीपरला संघातून काढलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला ते टीव्हीवरच्या यादीतून कळलं होतं. "गोलीला असं काढतात का रे?" एवढंच तो म्हणाला आणि टायर फिरवायला लागला.

यादीत वजनदार नाव एकही नव्हतं. म्हणून मी सरांकडे गेलो. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पंचवटीत मुलाकडे राहतात. जिल्ह्यात कुठेही फुटबॉलचा विषय निघाला तर आजही त्यांचं नाव आधी घेतात. त्यांनी पत्र ऐकलं आणि मान हलवली.

"छान लिहिलंस. मी नाही सही करणार."

"सर, माणसाला वेळ तर द्यायला हवा ना?"

"वेळ किती लागतो एक फोन करायला? त्या पोराला सांगायचं होतं, तुला घेत नाही. हा माणूस सांगायला घाबरतो. असा माणूस हरायलाही घाबरतो. मग बरोबरीसाठी खेळतो. बघशील तू."

मी हो-हो करत चहा प्यायलो आणि दुकानात परत आलो. आता इथे दुसरा कोणी असता तर सरांशिवाय पत्र पाठवून मोकळा झाला असता. मी कागद समोर घेतला. वरची जागा रिकामी, भुंडी दिसत होती. माझा हात सवयीने चालला. क्रमांक एकवर सरांचं नाव टाइप झालं, पुढे 'ज्येष्ठ क्रीडाशिक्षक, नाशिक'. ईमेल होता, शाई वाळायचाही प्रश्न नव्हता. मनाशी म्हटलं, संघ दोन मॅच जिंकू दे, सर आपणहून म्हणतील, बरं झालं टाकलंस.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी नसतो. मी ते पत्र एका स्थानिक दैनिकालाही पाठवलं. त्यांनी खेळाच्या पानावर छापलं, वर मथळा: 'ज्येष्ठ क्रीडाशिक्षकांचा प्रशिक्षकांना पाठिंबा'. सकाळी तो बघून मी पेपर घडी करून गादीखाली सरकवला. मग आठवलं, आदल्याच दिवशी सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यावर पट्टी आहे. एखाद्याच्या मोतीबिंदूचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

आठवड्याने प्रशिक्षकांना मुदतवाढ मिळाली. आणि त्याच्या दोन दिवसांनी मला उत्तर आलं. खुद्द त्यांच्याकडून! चारच ओळी. प्रिय मित्रा, तुझा शब्दन्‌शब्द वाचला. तुझ्यासारखे चाहते आहेत म्हणून मी या देशात उभा आहे. मी प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि दुकानात दरपत्रकाच्या वर टांगली. लोक प्रतिज्ञापत्राला किती लागतील ते बघायला मान वर करायचे आणि त्यांना आधी ते वाचावं लागायचं.

सरांकडे जाणं चालूच होतं. पहिल्यांदा धाकधूक होती, पण ते काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदाही नाही. मी सुटलो, असं धरून चाललो. टायरवाला दर गुरुवारी सरांना स्कूटरवर गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फिरायला न्यायचा. त्यानेही मध्येच जाणं बंद केलं, हे मला दिसलं होतं. धंदा वाढला असेल, असं मी समजलो. समजून घेण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

मग ती मॅच आली. पात्रता फेरीची शेवटची, घरच्या मैदानावर, आणि समोरचा संघ असा की त्या देशाचं नाव घेताना आम्ही दोनदा अडखळलो. जिंकलो तर पुढे, नाहीतर घरी. बरोबरी चालणार नव्हती. हे मला माहीत होतं, टायरवाल्याला माहीत होतं, मागच्या खोलीत चहा घेऊन आलेल्या माणसालाही टायरवाल्याने दोन वाक्यांत समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "मंग गोल मारायला लागंल." अगदी बरोबर.

सत्तर मिनिटं शून्य-शून्य. आपले पोरगे जीव तोडून धावत होते, दोनदा बॉल खांबाला लागला. बाराजण टायरांवर उभे. आणि बाजूला चौथ्या पंचाने पाटी वर केली. बदली खेळाडू. मी ओरडलो, "आला! दुसरा फॉरवर्ड आणतोय! बघा आता माणूस काय डोकं लावतो!"

बाहेर आला तो आपला एकुलता एक फॉरवर्ड. आत गेला डिफेन्डर.

शिट्टी वाजली, ती हवालदाराची होती.

"वकील," टायरवाला हळूच म्हणाला, "हे कोणतं कलम?"

"काहीतरी योजना असेल," मी म्हणालो.

दहा मिनिटांनी आणखी एक डिफेन्डर आत गेला. शेवटची पाच मिनिटं आपला संघ स्वतःच्या गोलसमोर भिंत करून उभा होता, जणू जिंकतच होता. मैदानावरचा एक पोरगा हात पसरून बाकाकडे बघत होता, पुढे कोणाला देऊ? पुढे कोणी नव्हतंच. मॅच शून्य-शून्य संपली आणि आम्ही बाहेर. त्याहून वाईट नंतरचं. प्रशिक्षक हसतमुखाने कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, "बरोबरी पुरेशी आहे, असं मला सांगण्यात आलं होतं." दुसऱ्या दिवशी सकाळी ते बदलून म्हणाले की घरच्या प्रेक्षकांनी आरडाओरडा करून खेळाडूंवर दडपण आणलं.

म्हणजे आम्ही. टायरांवरचे आम्ही. आम्ही त्याच्यासाठी रोपाची उपमा शोधली होती, आणि त्याला गुणतक्ता वाचता येत नव्हता. वरून चूक आमची. फसवलं म्हणतात ते हेच, असं त्या सकाळी दुकानाचं कुलूप काढताना मला वाटलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. कोल्हापूरचा साडू.

कोल्हापुरातला साडू असणं हे फुटबॉलप्रेमी नाशिककराच्या नशिबी येऊ नये. त्यांच्याकडे फुटबॉलला पेठापेठांचे, तालमीतालमींचे संघ, हजारोंची गर्दी.

"काय पावणं, जिवंत हाय न्हवं?" तो म्हणाला. "तुमच्या त्या मित्रानं काय केलं हो काल?"

"माझा कसला मित्र?"

"असं कसं? पत्र टांगलंय न्हवं दुकानात. वाचा की जरा, ऐकू दे."

मी जड आवाजात वाचलं. प्रिय मित्रा, तुझा शब्दन्‌शब्द वाचला. पलीकडून तो माझ्या पुढेपुढे म्हणायला लागला. तुझ्यासारखे चाहते आहेत म्हणून मी या देशात उभा आहे. स्वल्पविरामासकट.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला बी तेच आलंय की. मी लिवलं हुतं, गाशा गुंडाळ आन् घरला जा. बाकीचं बायकोम्होरं सांगण्याजोगं न्हाई. त्यालाबी हेच उत्तर, शब्दन्‌शब्द वाचला म्हणून!"

तो किती वेळ हसला ते मी मोजलं नाही. फोन ठेवून मी स्टुलावर चढलो, ते लॅमिनेशन उतरवलं, आणि फाडायला गेलो. लॅमिनेशन फाटत नाही. मीच चांगल्या प्रतीचा प्लॅस्टिक कागद वापरला होता.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. हटवा. यात 'विश्वासघात' तीनदा होतं आणि 'पाठीत खंजीर' एकदा. ते घेऊन तडक सरांकडे गेलो. या वेळी तर सर आनंदाने सही करतील, असं वाटून मी जवळजवळ खुशीतच होतो. सर गॅलरीत लसूण सोलत बसले होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं.

"खंजीर काढ. जड होतं."

"काढतो, सर."

"खाली माझं नाव दिसत नाही."

"नाही सर, या वेळी आधी विचारायला आलो."

बोललो आणि ते 'या वेळी' माझं मलाच ऐकू आलं. सरांनी लसणाची पाकळी ताटलीत ठेवली. आत गेले, आणि चार घड्या घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. मथळा वाचायची मला गरज नव्हती.

"डोळ्यावर पट्टी होती," ते म्हणाले. "सूनबाईंनी वाचून दाखवलं. बाबा, तुमचं नाव पहिलं आहे, म्हणाली. खूश होती ती."

"सर, तुम्ही... तेव्हाच का नाही बोललात?"

"मी का बोलायचं?"

त्यांनी कात्रण माझ्या हातात दिलं.

"त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन येत होते. जुनी मुलं. सर, तुम्हीसुद्धा? मी म्हणालो, हो, केली सही. नाही म्हणालो असतो तर मग कोणी केली, हे विचारलं असतं. तुझं दुकान कोर्टाजवळ आहे. दुसऱ्याचं नाव टाकतो म्हटल्यावर तुझ्याकडून कोण अर्ज लिहून घेणार होतं?"

सर आयुष्यात खोटं बोललेले मला आठवत नाहीत. एकदा रेफरीने आमच्या बाजूने चुकीचा गोल दिला होता, तर ते मैदानात जाऊन तो रद्द करून आले होते. त्या मॅचमध्ये आम्ही हरलो.

"दीड वर्ष येतोयस तू. इथेच बसून चहा प्यायलास. दर वेळी वाटायचं, आज सांगेल. मग वाटायचं, पुढच्या वेळी." ते पुन्हा लसणाकडे वळले. "त्या परदेशी माणसाचा मला काही राग नाही. तो कुठे माझा विद्यार्थी होता?"

सही त्यांनी केली नाही. कागद परत दिला आणि मी उठलो तेव्हा म्हणाले, "आपला गोलकीपर दर गुरुवारी यायचा. पेपरात आलं तेव्हापासून आला नाही. त्याने फोन करून विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्यालाही हो म्हणालो असतो."

पंचवटीतून द्वारकेपर्यंत मी स्कूटर चालवली की तिने मला नेलं, सांगता येणार नाही. मनात एकच होतं, की प्रशिक्षकावर आग पाखडत मी ज्या ज्या गोष्टी काल रात्रीपासून बोललो होतो, त्यांतली एकही स्वतःला वगळून बोलता येत नव्हती. माझं तर गुणतक्त्याचंही निमित्त नव्हतं. मला कोणी चुकीचं सांगितलं नव्हतं. सरांनी तोंडावर 'नाही' म्हणून सांगितलं होतं.

टायरवाला एका टेम्पोचं चाक बसवत होता. मी त्याच्या बाजूला उकिडवा बसलो आणि सांगून टाकलं. सगळं. रिकामी जागा, टाइप केलेलं नाव, मोतीबिंदू, सरांनी घेतलेली माझी बाजू. तो ऐकत नट आवळत राहिला. एक, मग समोरचा, मग आडवा. सगळे झाल्यावर पाना खाली ठेवला.

"दीड वर्ष," तो म्हणाला. "मी त्या माणसाला दीड वर्ष तोंड दाखवलं नाय. तुझ्यामुळे."

"मला माहीत नव्हतं रे, की तू यासाठी..."

"तू विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. धंदा वाढला असेल, असं समजलो होतो. त्याने हात साबणाने धुतले, नखांतला काळा निघेपर्यंत. शर्ट बदलला. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला, स्कूटरची चावी घेतली.

"मीपण येतो," मी म्हणालो.

"तू नको." मग स्कूटरला चावी लावता लावता, "आज तरी नको."

"पत्राचं काय करू? हटवा म्हणून..."

"पाठव. अकरा सह्या घेऊन पाठव. हाताने केलेल्या. तुझी नको."

तो गेला. टेम्पोवाल्याने मला विचारलं, "शेठ, हवा चेक करता का?" मी म्हणालो, मला येत नाही. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मग तू इथे आहेस कशाला?

पत्र गेलं, अकरा सह्यांनिशी. प्रशिक्षक अजून आहेत. आता मॅचेस द्वारकेला होत नाहीत. टायरवाला सरांकडे जातो, बाकीचेही तिथेच जमतात, गॅलरीतल्या खुर्च्या आत घेऊन. मला जायला कोणी बंदी केलेली नाही. मी रविवारी सकाळी जातो. सर चहा देतात, भावाच्या बागेची चौकशी करतात, उड्डाणपुलाचं काम, गुडघे, नातीची परीक्षा, सगळं बोलतात. मी फुटबॉलवर आलो की ते आत बघून म्हणतात, "सूनबाई, यांच्यासाठी थोडा चिवडा आण गं."

परवाच्या मॅचला मी सायखेड्याला होतो. भावाच्या बागेत छाटणी चालली होती, टीव्ही घरात, मी बांधावर. हाफटाइम उलटून गेला असेल. राहवलं नाही म्हणून सरांना फोन लावला. मागे टीव्हीचा आवाज येत होता, टायरवाल्याच्या शिव्या येत होत्या, त्या कोणाला होत्या ते सांगायला नको.

"सर, आज तरी दोन फॉरवर्ड लावलेत का त्याने?"

मग सर म्हणाले, "छाटणी कुठवर आली रे? मजूर मिळाले का या वर्षी?"

"मिळाले, सर. पेठ तालुक्यातले आलेत. अर्धी बाग झाली."

"पाऊस नको यायला आता."

"नको, सर."

"वेलीला डोळे फुटायच्या वेळेला आला की सगळं जातं, असं मागे तूच सांगितलं होतंस."

"हो, सर."

तेवढ्यात पलीकडे सगळे एकदम ओरडले. खुर्ची पडल्याचा आवाज आला. गोल झाला होता. आपला की त्यांचा, तेवढ्या आवाजावरून कळत नव्हतं. सरांनी मात्र विचारलं, की कात्र्या भाऊ नाशिकहून नेतो की पिंपळगावला मिळतात?

"पिंपळगावला मिळतात, सर," मी म्हणालो. आणि कात्र्यांविषयी मला जे काही माहीत होतं, ते सगळं सांगायला सुरुवात केली.